उतारावरचा मुक्काम

तुमच्यापैकी किती जणांनी उभ्या ट्रकच्या हौद्यात रात्र काढली आहे? शहरातल्या मुलांना हा प्रश्न विचित्र वाटेल, पण खानदेशातल्या मुलांना तसा वाटू नये. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी दर वर्षी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला निघते. ही वाट सुमारे महिनाभराची. वारकरी पायी चालतात आणि सामानाचे, पाण्याचे, स्वयंपाकाचे ट्रक त्यांच्या मागेपुढे असतात. रात्री तो ट्रक हेच कित्येकांचे घर. यात्रेच्या हंगामात गावोगाव हिंडणाऱ्या तमाशाच्या फडांचेही तसेच. धुळ्यापाशी मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. तेथल्या ढाब्यांवर रात्री रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांत चालक आणि क्लीनर झोपलेले असतात. परदेशात ट्रकच्या पाठीवर छोटी खोली बसवून भटकंतीला निघण्याची हौस जुनी आहे. आपल्याकडेही अशा फिरत्या घरांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले.

या सगळ्यांना मुक्कामाच्या जागी पोचताच एकच अडचण येते. जमीन सपाट नसते! डोळ्यांना सपाट दिसणारे शेतसुद्धा पाणी वाहून जावे म्हणून एका अंगाला उतरते असते. गाडी उभी केली की तीही तिरपी उभी राहते. मग ती सपाटीला आणायची कशी? आणि आणलेली सपाटी सकाळपर्यंत टिकवायची कशी? पहिला प्रश्न भूमितीचा आहे आणि तो सोपा आहे. दुसरा मातीचा आहे. खानदेशात माणसे फसतात ती या दुसऱ्या प्रश्नात.

पण मुळात थोड्याशा तिरपेपणाने एवढे काय बिघडते? हिशेब करून पाहू. वीसास एक असा उतार घ्या, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर खाली. कोनात हा जवळजवळ तीन अंश होतो. रस्त्याने चालताना तो तुमच्या लक्षातही येणार नाही. आता या उतारावर उभ्या असलेल्या गाडीत साठ किलो वजनाचा माणूस आडवा झाला, तर त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे तीन किलो एवढा ओढा त्याला उताराकडे खेचत राहतो. जागेपणी तीन किलो काहीच नाही. झोपेत मात्र स्नायू सैल पडतात आणि माणूस हळूहळू फळीकडे घरंगळतो. डोके उताराच्या बाजूला असेल तर आणखी पंचाईत. एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीच्या बिछान्यात डोके पायांपेक्षा नऊ सेंटिमीटर खाली जाते. सकाळी डोके जड होऊन उठावे लागते.

शिवाय बंद गाडीत एक वेगळीच गंमत होते. आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात दोन लहान पिशव्या असतात. त्यांतल्या केसाळ पेशींवर एक चिकट पडदा असतो आणि त्या पडद्यावर चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. डोके कलले की हे स्फटिक गुरुत्वाकर्षणाने किंचित सरकतात, केस वाकतात आणि मेंदूला कळते की ‘खाली’ कोणती बाजू. आता गाडीच्या भिंती, कपाट, दार ही सगळी गाडीबरोबर कललेली असतात. डोळे सांगतात, आपण सरळ उभे आहोत. कान सांगतो, नाही. या भांडणात काही माणसांना चक्क मळमळू लागते.

स्वयंपाक करणाऱ्याची तक्रार याहून रोखठोक असते. शेवभाजीची फोडणी करायला घ्यावी तर कढईतले तेल एका अंगाला जमते आणि दुसरी बाजू कोरडीच करपते. पाण्याच्या टाकीचा नळ उंच बाजूला असेल तर टाकीत पाणी असूनही नळ कोरडा! परदेशी फिरत्या घरांत गॅसच्या ज्योतीवर चालणारा एक प्रकारचा फ्रीज असतो. स्वीडनमधल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तो शोधून काढला. त्यात पंप नसतो. अमोनिया आणि पाणी केवळ उष्णतेने व गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून फिरत राहतात. गाडी काही अंशांपेक्षा जास्त कलली की हे फिरणे अडते आणि ज्योत जळत असूनही फ्रीज गार होत नाही.

उतार मोजायचा कसा?

सर्वांत स्वस्त साधन तुमच्या घरात आहे. परातीत थोडे पाणी घाला आणि ती हौद्याच्या तळावर ठेवा. पाणी ज्या काठाकडे जमेल ती बाजू खाली. किती खाली, हे मात्र परात नेमके सांगत नाही. त्यासाठी एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक जमिनीवर टेकवा, पट्टीवर गवंड्याची पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उचला. त्या टोकाखालची पोकळी फूटपट्टीने मोजा. पाच सेंटिमीटर आली तर उतार वीसास एक. आणखी एक आकडा पाठ करून ठेवा: एक अंश म्हणजे मीटरमागे पावणेदोन सेंटिमीटर.

पाणसळीतला बुडबुडा मध्यावर का येतो, हे वर्गात विचारले तर बरीच मुले गोंधळतात. ती काचेची नळी सरळ दिसते खरी, पण आतून किंचित कमानीसारखी वाकलेली असते. बुडबुडा हलका, तो कमानीच्या सर्वांत उंच बिंदूवर जाऊन बसतो. नळी तिरपी केली की उंच बिंदू सरकतो आणि त्याबरोबर बुडबुडाही. कमान जितक्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असेल तितकी पाणसळ नाजूक. त्रिज्या एक मीटर असेल तर एका अंशाला बुडबुडा पावणेदोन सेंटिमीटर धावेल. आत साधे पाणी न घालता स्पिरिट घालतात, कारण ते थंडीत गोठत नाही आणि बुडबुडाही काचेला न चिकटता सरकतो. अशी पाणसळ फ्रान्समधल्या मेल्शिसेदेक तेवनो याने १६६१ च्या सुमारास बनवली.

आता पाणसळच बिघडलेली असेल तर? ते ओळखण्याची युक्ती सुंदर आहे. पाणसळ फळीवर ठेवा, बुडबुडा कोठे आहे ते पाहा. मग तिचे तोंड फिरवून, डावे टोक उजवीकडे करून, त्याच जागी ठेवा. बुडबुडा पुन्हा त्याच भिंतीकडे गेला तर दोष फळीचा. बुडबुड्याने पाणसळीबरोबर बाजू बदलली तर दोष पाणसळीचा. मोबाइल फोनमधल्या उतारमापकालाही हीच परीक्षा लावता येते. फोनमध्ये सिलिकॉनचा एक अत्यंत सूक्ष्म तुकडा लवचीक धाग्यांवर टांगलेला असतो. फोन कलला की तो किंचित सरकतो आणि त्यामुळे बदललेल्या विद्युतधारितेवरून कोन काढला जातो. कानातल्या स्फटिकांचा हा चुलतभाऊच म्हणा ना! मात्र फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, म्हणून तो तसाच फळीवर ठेवू नये, कडेवर उभा धरावा.

लांब अंतरासाठी मात्र गवंड्यांची लेव्हलची नळी अजोड. दहा मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, पाणी भरा, दिसायला सोपे जावे म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाका. नळीची दोन्ही टोके उघडी ठेवली की त्यांतले पाणी एकाच पातळीवर थांबते. गाडीचे चाक जेथे येणार त्या दोन जागी टोके धरा आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. एकीकडे ९२ सेंटिमीटर आणि दुसरीकडे साडेचौऱ्याऐंशी आली, तर ९२ ची जागा साडेसात सेंटिमीटरने खाली आहे. नळीत हवेचा बुडबुडा अडकला किंवा टोकावर कोणी अंगठा ठेवला, तर हे माप साफ चुकते. गवंडी नळी भरल्यावर आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी जुळते की नाही पाहतो, ते याचसाठी.

पाण्याने जमीन तपासण्याची ही रीत फार जुनी आहे. सूर्यसिद्धान्तात सावली मोजण्याचा शंकू उभारण्याआधी दगडाचा पृष्ठभाग पाण्याने समतल करून घ्यायला सांगितले आहे. एवढी काळजी का? माध्यान्हीच्या सावलीवरून गावाचे अक्षांश काढतात. शंकूच्या खालची जमीन दक्षिणोत्तर दिशेत एक अंशाने कललेली असेल आणि शंकूही तिच्याबरोबर कलला, तर अक्षांश एका अंशाने, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरनी चुकतात. धुळे २०.९ अंशांवर आहे. एक अंश वाढला की धुळे सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात जाऊन बसते! हा विषय खानदेशाला परका नाही, बरे का. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तेथल्या १२०७ च्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. (हा चांगदेव ज्योतिषी, तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे.)

गाडी आडवी की उभी?

उतार कळला. आता चाके किती उचलायची? हिशेब सोपा जावा म्हणून एक लहान ट्रक घेऊ. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर तीन मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधले दीड मीटर. उतार तोच, वीसास एक.

गाडी उताराच्या दिशेने तोंड करून उभी केली, तर पुढची दोन चाके ३०० भागिले २०, म्हणजे १५ सेंटिमीटर उचलावी लागतील. तीच गाडी उताराला आडवी उभी केली, तर खालच्या बाजूची दोन चाके १५० भागिले २०, म्हणजे अवघी साडेसात सेंटिमीटर! जमीन तीच, गाडी तीच, पण काम निम्मे. शिवाय आडवी उभी असलेली गाडी घरंगळत नाही. सहा टनांची गाडी उताराला समोरासमोर उभी असेल, तर तिचा विसावा हिस्सा, म्हणजे ३०० किलोंचा ओढा तिला सतत खाली खेचत असतो आणि तो सगळा ब्रेकला आणि चाकाखालच्या दगडाला पेलावा लागतो.

तिरकी मात्र उभी करू नये. मग डावे-उजवे आणि पुढे-मागे असे दोन्ही उतार येतात आणि तीन चाकांखाली वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या लावण्याचा खटाटोप करावा लागतो. त्यापेक्षा आधी जमिनीवर पाण्याचा तांब्या रिता करा. ओघळ धावेल ती सर्वांत जास्त उताराची दिशा. तिला काटकोनात गाडी लावा, की एकच दुरुस्ती उरते.

येथे कोणी विचारील, आडवी गाडी कलंडणार नाही का? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दीड मीटर उंच आहे असे धरा. चाकांमधल्या अंतराचे अर्धे पाऊण मीटर. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर पडला तरच गाडी कलंडेल आणि त्यासाठी उतार दोनास एक, म्हणजे साडेसव्वीस अंशांचा हवा. (स्प्रिंगा दबत असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी पुरतो.) तीन अंशांना भिण्याचे कारण नाही. कापसाने किंवा केळीच्या घडांनी शिगोशीग भरलेल्या ट्रकची गोष्ट वेगळी. त्याचा गुरुत्वमध्य बराच वर गेलेला असतो.

चाके उचलायची ती फळ्यांवर चढवून. पायरीसारख्या फळ्या रचा, सर्वांत खालची लांब आणि वरच्या तिच्याहून आखूड. दोन्ही चाकांपुढे त्या ठेवा आणि चालकाला गाडी हळूच पुढे घ्यायला सांगा. मागे जोडटायर असेल तर फळी दोन्ही टायरांना पुरेल इतकी रुंद हवी; एकाच टायरखाली गेली तर सगळा भार त्या एकावर येतो. खुणा करणाऱ्याने चालकाला दिसेल असे बाजूला उभे राहावे. चाकाच्या समोर उभे राहणे म्हणजे मरणाला हाक मारणे.

फक्त एकच चाक उचलून काम भागवू नये. तीन पायांची तिवई कोठेही स्थिर उभी राहते, चार पायांचे टेबल डुगडुगते, हे तुम्हांला ठाऊक आहे. ट्रक चार पायांचा आहे, पण त्याची चॅसी थोडी पिळवटते म्हणून तो डुगडुगत नाही. एकच कोपरा उचलला की हा पीळ वाढतो आणि वर बसवलेल्या खोलीचे दार चौकटीत अडकते. सपाटी पाहायची ती हौद्याच्या तळावर, तीही टाकीत पाणी भरल्यावर आणि माणसे आपापल्या जागी बसल्यावर. स्प्रिंगा दबतात आणि आधीचे माप बदलते.

काळ्या मातीचा हिसका

एवढे सगळे नीट केले. बुडबुडा मध्यावर आला. जेवणे झाली, दिवे मालवले. पहाटे एक जोराची सर येऊन गेली आणि सकाळी पाहावे तो गाडी पुन्हा तिरपी, फळी चिखलात अर्धी गडप! असे का झाले?

आपल्या सहा टनांच्या गाडीचे पुढे दोन आणि मागे चार, असे सहा टायर आहेत. प्रत्येकावर साधारण एक टन भार येतो असे समजा. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो असेल, तर टायर जमिनीवरही जवळजवळ तेवढाच दाब देतो. हजार भागिले सहा, म्हणजे सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या जागेवर एक टन! वाळलेली कडक जमीन हा दाब सोसते. भिजलेली काळी माती मात्र दर चौरस सेंटिमीटरला किलोभर किंवा त्याहूनही कमी भार झेलते. टायर रुततो तो याच तफावतीमुळे.

आता त्याखाली ३० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर लांब फळी घाला. क्षेत्रफळ २१०० चौरस सेंटिमीटर झाले आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली आला. मात्र फळी पाचेक सेंटिमीटर जाड हवी. पातळ फळी मध्ये वाकते, कडा वर उचलल्या जातात आणि मग तिचे सगळे क्षेत्रफळ कामाला येतच नाही. टायरखाली दगड सारणाऱ्यांनी उलटा हिशेब करावा. दगड एका टोकावर टेकतो, क्षेत्रफळ घटते, दाब वाढतो आणि दगड खिळ्यासारखा मातीत शिरतो.

काळ्या मातीचा दुसरा गुण आणखी चकवणारा आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची लाखो वर्षे झीज होऊन ही माती बनली. तिच्यात माँटमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती असते. तिचे कण पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात आणि त्या थरांच्या मध्ये पाणी शिरते. थर दूर होतात आणि माती फुगते. पाणी उडून गेले की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. धुळे-जळगावकडे घर बांधताना काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत पाया नेण्याची रीत आहे, तिचे कारण हेच. काळ्या मातीवर बसवलेला पाया दर वर्षी वर-खाली होतो आणि भिंती तडकतात.

गाडीच्या मुक्कामात हा गुण असा आड येतो: मोरीचे सांडपाणी नळीने एकाच बाजूच्या चाकाजवळ सोडलेले असते. ती बाजू भिजते, भाराखाली मऊ होते आणि रात्रभरात खचते. पाऊस न पडताही गाडी कलली, तर आधी सांडपाणी कोठे जाते ते पाहावे.

म्हणून जाणता चालक आधी जमीन निवडतो आणि मग उतार पाहतो. चार अंश उताराचा मुरमाड माळ हा एक अंश उताराच्या काळ्या शेतापेक्षा शतपट बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. तेथे पाणी झटकन मुरते आणि चाक रुतत नाही. तसेच खाली तापीकडे उतरत जावे तशी गाळाची माती खोल होत जाते. जमीन ओळखायला यंत्र लागत नाही. टाच जोराने दाबून पाहा. टाचेची खूण उमटली तर रुंद फळी हवीच. टाच बुडाली तर जागाच बदला.

जॅकवर भरवसा किती?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जॅक लावावा आणि हवा तेवढा कोपरा वर घ्यावा. हा मोह जीवघेणा आहे. मागच्या एका बाजूचा दोन टन भार १२ सेंटिमीटर चौरस तळाच्या जॅकवर घेतला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो होतो, टायरच्या दुपटीहून अधिक. काळ्या मातीत असा जॅक सरळ खाली जाण्याआधी बहुधा कलतो आणि कललेला जॅक निसटतो.

दुसरा धोका ब्रेकचा. काही गाड्यांत हँडब्रेक चाकांना न धरता इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला धरतो. मागच्या आसावर डिफरन्शियल असते; त्यामुळे एक चाक अधांतरी झाले की ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुटे होते. ब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते! जॅक लावण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या, त्या यासाठी. त्या गोल दगडांच्या नसाव्यात. बाभळीच्या लाकडाच्या, टायरला बसेल अशा उताराच्या असाव्यात. उन्हाळ्यात दुपारी सावलीसाठी ट्रकखाली अंथरूण टाकण्याची सवय काहींना असते. पाचर नसलेल्या गाडीखाली झोपू नये. जॅकवर पेललेल्या गाडीखाली तर हातही घालू नये. जॅकने चाक उचलून खाली फळ्या सारायच्या, चाक फळ्यांवर उतरवायचे आणि जॅक काढून ठेवायचा.

जॅकवरच संपूर्ण गाडी सपाट करणारे यंत्र पाहायचे असेल, तर गावात बोअरची गाडी येईल तेव्हा जरूर जा. तुमच्या शिक्षकांनाही बरोबर घ्या आणि सुरक्षित अंतरावर उभे राहा. शेतात गाडी उभी राहिली की तिचे हायड्रॉलिक पाय बाहेर येतात. प्रत्येक पायाखाली जाड लाकडी ठोकळे ठेवले जातात. मग गाडी हळूहळू सपाटीला आणतात आणि त्यानंतरच उभा मनोरा चढवून खोदायला सुरुवात होते. येथे सपाटीची किंमत फार मोठी आहे. गाडी एका अंशाने कललेली राहिली आणि भोक त्याच दिशेने सरळ गेले, तर साठ मीटर खोलीवर ते ओळंब्यापासून एक मीटरहून अधिक बाजूला गेलेले असेल. सबमर्सिबल पंपाचे पाइप आणि वायर मग भोकाच्या एका अंगाला घासत राहतात. शेतकऱ्याचे कर्ज त्या भोकात गेलेले असते. खडकातल्या भेगांमुळेही भोक वाकडे जाऊ शकते, पण निदान सुरुवात तरी ओळंब्यात असावी. खोदकाम चालू झाले की हादऱ्यांनी आणि वर येणाऱ्या पाण्याने पायांखालची माती सैल होते. म्हणून कसलेला कारागीर अधूनमधून पाणसळ पुन्हा लावून पाहतो.

एवढे करूनही कधी जागा अशी मिळते की गाडी पुरती सपाट होतच नाही. मग काय करावे? आधी डावी-उजवी बाजू जुळवावी, कारण कुशीवर घरंगळणे झोपेला जास्त बाधते. पुढे-मागे अंशभर उरले तर बिछाने फिरवून डोकी उंच बाजूला करावीत. स्वयंपाकाची चूल सुटी असेल तर तिच्याखाली खापऱ्या सारून ती वेगळी सपाट करता येते. खाली उतरून विटांवर चूल मांडणे त्याहून सोपे.

सकाळी निघताना क्रम उलटा. आधी माणसे आणि भांडी आवरायची. चालक जागेवर बसून ब्रेक दाबून धरतो, मगच क्लीनर पाचरी काढतो, तोही बाजूने. गाडी फळ्यांवरून उतरली की फळ्या झटकून, वाळवून हौद्यात टाकायच्या; ओल्या फळ्या एकमेकींवर ठेवल्या तर कुजतात आणि पुढच्या वेळी भाराखाली मोडतात. चाकाला लावायला रस्त्याच्या कडेचे दगड घेतले असतील, तर तेही उचलून दूर टाकावे लागतात. गाडी निघून गेल्यावर रस्त्यावर राहिलेला असा दगड अंधारात मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.